घरच्या कॉम्प्युटरवर क्रिप्टो माइनिंग? आधी लाईट बिल घेऊन बसा

आज थोडं वेगळं लिहितोय, कारण आजच्या विषयात माझी स्वतःची एक चूक आहे.

गेल्या महिन्यात दुपारच्या वेळेला बदलापूरचा एक मुलगा माझ्या दुकानात आला. उल्हासनगर कॅम्प ३ मध्ये माझं कॉम्प्युटर आणि मोबाईलच्या सामानाचं छोटं दुकान आहे, हे जुन्या मंडळींना माहीत आहेच. मुलाच्या हातात ४ लाखांचं कोटेशन होतं. बिटकॉइन माइनिंगचं मशीन, वायरिंग, एक्झॉस्ट पंखा, सगळं धरून. पैसे कुठून आणणार विचारलं, तर म्हणाला, "पप्पा अंबरनाथ एमआयडीसीतून रिटायर झाले, त्यांचा पीएफ आलाय." मग म्हणाला, "सर, तुमचा २०२१ चा व्हिडिओ बघूनच ठरवलं होतं. तेव्हा अकरावीत होतो, पैसे नव्हते."

मी गप्प झालो. कारण तो व्हिडिओ मी खरंच बनवला होता.

आज मी जे मत मांडतोय ते सरळ आहे: घरच्या कॉम्प्युटरवर वॉलेट बनवणं शिका, पण घरात माइनिंग करण्याला धंदा समजू नका. आता हे मत कशावरून, ते आकड्यांनिशी सांगतो. पटलं नाही तर तुमचं गणित तुम्ही करा, पण गणित करा.

माझी चूक काय होती

२०२१ मध्ये दुकान कधी चालू, कधी बंद, असं चाललं होतं. स्टॉकमध्ये दोन चांगली ग्राफिक कार्डं पडून होती. ती लावून मी इथेरियमचं माइनिंग सुरू केलं. पहिल्या महिन्यात वॉलेटमध्ये पैसे दिसायला लागले आणि मी लगेच व्हिडिओ टाकला. स्क्रीनवर आकडा दाखवला, म्हणालो, "बघा, झोपेत कमाई."

त्या व्हिडिओत मी जमा दाखवली, खर्च दाखवला नाही. मुद्दाम लपवला नव्हता. मला तो माहीतच नव्हता, कारण कार्डं दुकानाच्या मीटरवर चालत होती आणि त्या मीटरवर एसी, दिवे, सगळंच होतं. मी बीबीए केलंय. ब्रेक-इव्हन पॉइंट काढायला शिकण्यात कॉलेजचं अख्खं सेमिस्टर गेलं. आणि स्वतःच्या धंद्यात मी लाईट बिल वेगळं काढलं नाही. मे महिन्यात मागची खोली भट्टीसारखी तापायची, म्हणून एसी जास्त वेळ चालायचा. तो खर्चही कुठेच लिहिला नाही.

मग १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियमने आपली पद्धतच बदलली. त्या दिवसापासून इथेरियमचं माइनिंग संपलं. जगभरातल्या लाखो कार्डांचं ते काम एका दिवसात गेलं. सगळ्यांनी एकदम कार्डं विकायला काढली, भाव पडला. माझी दोन कार्डं मी निम्म्याहून कमी भावात दिली. आमच्या खोलीत काहीच बिघडलं नव्हतं. कार्ड चालू होतं, लाईट होती, नेट होतं. फक्त आम्हाला न विचारता नियम बदलला होता.

याचा व्हिडिओ मी बनवला नाही. ही दुसरी चूक.

माइनिंग म्हणजे नक्की काय विकता तुम्ही?

कॉम्प्युटर पैसे "छापतो" ही समजूत आधी काढून टाका. बिटकॉइनच्या जगात व्यवहारांची एक वही आहे, जी हजारो कॉम्प्युटरवर एकसारखी ठेवलेली असते. साधारण दर १० मिनिटांनी त्या वहीत नवीन पान लागतं. ते पान लावण्याचा मान कोणाला मिळणार, यासाठी जगभरातली मशीनं एक आकडा शोधत असतात. अक्कल लावून नाही, नुसते अंदाज मारत. ज्याचा अंदाज पहिला बसला त्याला बक्षीस.

आपल्याकडच्या भाषेत सांगायचं तर ही म्हाडाची सोडत आहे, दर दहा मिनिटांनी निघणारी. तुमचं मशीन जितके अंदाज मारेल तितके तुमचे अर्ज. आता नीट बघा: अर्ज वाढले म्हणून घरं वाढत नाहीत. बिटकॉइनमध्येही तसंच आहे. मशीनं वाढली की आकडा शोधणं आपोआप अवघड होतं. दर २०१६ पानांनी, म्हणजे साधारण दोन आठवड्यांनी, ही काठिण्यपातळी बदलते. म्हणजे जगात कुठेतरी कोणीतरी नवीन गोडाऊनभर मशीनं लावली की बदलापूरच्या तुमच्या खोलीतली कमाई कमी होते. तुम्ही काहीच चुकलेलं नसतं तरी.

बक्षीसही कायम तेवढंच राहत नाही. २००९ मध्ये एका पानाला ५० बिटकॉइन मिळायचे. २०१२ मध्ये २५ झाले, २०१६ मध्ये साडेबारा, २०२० मध्ये सव्वासहा आणि एप्रिल २०२४ पासून ३.१२५. साधारण चार वर्षांनी निम्मं. हे आधीच ठरलेलं आहे, लपलेलं नाही.

तुमच्या दुकानात दर चार वर्षांनी मार्जिन निम्मं होणार हे आधीच लिहून दिलेलं असेल, तर तुम्ही त्या दुकानाची पागडी भराल का?

आता गणित

सगळ्यांना सोपं जावं म्हणून मी माइनिंगच्या बाजूने उदार होऊन आकडे धरतो. एका बिटकॉइनचा भाव १ कोटी रुपये. जगातल्या सगळ्या मशीनांची एकूण ताकद सेकंदाला ८०० एक्झाहॅश, म्हणजे ८०० वर अठरा शून्य एवढे अंदाज. २०२५ मध्ये ही ताकद याच्याही वर गेलेली आहे, म्हणजे खरं चित्र माझ्या गणितापेक्षा वाईट. दिवसाला साधारण १४४ पानं, म्हणजे ४५० बिटकॉइन बक्षीस, सगळ्या जगात मिळून.

पहिलं, घरचा कॉम्प्युटर. चांगलं गेमिंगचं ग्राफिक कार्ड आहे असं धरा आणि ते सेकंदाला ५ गीगाहॅश, म्हणजे ५०० कोटी अंदाज मारतं असं धरा. ऐकायला केवढं वाटतं ना? तुमच्या वाट्याला दिवसाला साधारण ३ पैसे येतात. महिन्याला ८४ पैसे. एक रुपयाही नाही. हा कॉम्प्युटर ३०० वॅट ओढत असेल तर महिन्याला २१६ युनिट जळतात. १० रुपये युनिट धरा, २१६० रुपये. म्हणजे ८४ पैशांच्या मालासाठी २१६० रुपयांचा कच्चा माल.

दुसरं, खास बिटकॉइनसाठी बनवलेलं मशीन, ज्याला एसिक म्हणतात. आपल्या बदलापूरच्या मित्राच्या कोटेशनमध्ये हेच होतं. अँटमायनर एस२१ हे नावाजलेलं मॉडेल घेऊ. ताकद २०० टेराहॅश, वीज ३५०० वॅट. जगातल्या एकूण ताकदीचा चाळीस लाखावा हिस्सा. म्हणजे दिवसाला साधारण ११२५ रुपये, महिन्याला ३३,७५० रुपये.

इथे सगळ्यांचे डोळे चमकतात. २०२१ मध्ये माझा व्हिडिओ इथेच संपला होता. आता पुढचं बघा.

३५०० वॅट चोवीस तास म्हणजे दिवसाला ८४ युनिट. महिन्याला २५२०. एवढी वीज आपल्या टूबीएचकेला वर्षभर पुरावी. आता ३३,७५० ला २५२० ने भागा. १३ रुपये ३९ पैसे. म्हणजे युनिटमागे तुम्हाला याच्यापेक्षा जास्त पडत असेल तर मशीन चालू करणं म्हणजे रोज तोटा.

आणि अजून टॅक्स बाकी आहे.

टॅक्स: इथे बहुतेक जण चुकतात

आपल्या देशात क्रिप्टो बेकायदा नाही. रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०१८ मध्ये बँकांना क्रिप्टोवाल्यांशी व्यवहार करायला मनाई केली होती, ते परिपत्रक सुप्रीम कोर्टाने ४ मार्च २०२० ला रद्द केलं. पण बेकायदा नाही म्हणजे सोयीचं आहे असं नाही. १ एप्रिल २०२२ पासून क्रिप्टोच्या नफ्यावर सरसकट ३० टक्के टॅक्स आहे, सेस वेगळा. एकात तोटा झाला म्हणून तो दुसऱ्याच्या नफ्यातून वजा करता येत नाही. १ जुलै २०२२ पासून विक्रीवर १ टक्का टीडीएस कापला जातो.

माइनिंगवाल्यांसाठी सगळ्यात महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. मार्च २०२२ मध्ये अर्थ राज्यमंत्र्यांनी लोकसभेत लेखी उत्तरात स्पष्ट केलं की माइनिंगच्या यंत्रणेवर झालेला खर्च हा त्या क्रिप्टोची खरेदी किंमत म्हणून धरला जाणार नाही. साध्या भाषेत: तुम्ही जीन्स शिवून विकलीत तर कापड, धागा, कारागीर, लाईट, सगळं वजा होऊन नफा निघतो. माइनिंगमध्ये लाईट बिल वजा होत नाही.

म्हणजे ३३,७५० मधले ३० टक्के, १०,१२५ रुपये, गेले. उरले २३,६२५. आता २५२० ने भागा. ९ रुपये ३७ पैसे.

हा आकडा लिहून ठेवा. साडेनऊ रुपये. आता तुमचं महावितरणचं बिल काढा. मागच्या बाजूला दराचा तक्ता असतो. घरगुती बिलात १००, ३००, ५०० युनिट असे टप्पे असतात आणि वरचा टप्पा सगळ्यात महाग. तुमचे २५२० युनिट कुठल्या टप्प्यात बसतील? वहन आकार, इंधन समायोजन आकार, वीज शुल्क, सगळं जोडा. अजून एक गोष्ट बघा, बिलावर "मंजूर भार" लिहिलेला असतो. एकट्या या मशीनला साडेतीन किलोवॅट लागतो, तेही चोवीस तास. शिवाय घरगुती मीटरवर धंदा चालवताना सापडलात तर वीज कायदा २००३ च्या कलम १२६ खाली दुप्पट दराने आकारणी होऊ शकते.

समजा तुम्हाला कुठून तरी ८ रुपयांनी वीज मिळाली. महिन्याला सुटतात साधारण साडेतीन हजार रुपये. ४ लाख वसूल व्हायला साडेनऊ वर्षं. आणि बक्षीस पुन्हा निम्मं होणं २०२८ मध्ये अपेक्षित आहे.

"पण सर..."

मला माहीत आहे, आता प्रश्न येणार. नेहमीचे तीन घेतो.

"सर, सोलर लावलं तर?" चांगला प्रश्न. पीएम सूर्यघर योजनेत घरगुती सोलरला ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान मिळतं, घराच्या वापरासाठी जरूर विचार करा. पण ३ किलोवॅटचं सोलर चांगल्या उन्हात दिवसाला साधारण १२ युनिट देतं. तुम्हाला हवेत ८४. आणि बिल्डिंगची गच्ची सोसायटीची आहे, एकट्या तुमची नाही.

"सर, भाव वाढला तर?" वाढेलही, पडेलही. पण भाव वाढणार अशी तुमची खात्री असेल, तर मशीन कशाला? त्याच पैशाचं सरळ क्रिप्टो घेणाऱ्याला लाईट बिल येत नाही, गरम होत नाही, शेजारी भांडायला येत नाहीत. घ्या असं मी सांगत नाहीये. एवढंच म्हणतोय की भाव वाढण्यावरच सगळं अवलंबून असेल तर तो सट्टा झाला. मशीन लावल्याने सट्ट्याचा धंदा होत नाही.

"सर, मोनेरो तर साध्या प्रोसेसरवर चालतं ना?" चालतं. मोनेरोची पद्धतच घरच्या कॉम्प्युटरला धरून बनवली आहे. शिकायला छान आहे, एक रविवार करून बघा, पण त्यातही लाईट बिल सुटणं अवघड. आणि एक सावधगिरी: इंटरनेटवर फुकट मिळणारी सगळी माइनिंग सॉफ्टवेअर स्वच्छ नसतात. माझ्याकडे "कॉम्प्युटर स्लो झालाय" म्हणून येणाऱ्या मशीनांत अधूनमधून असं सॉफ्टवेअर सापडतं जे मालकाच्या नकळत दुसऱ्याच्या वॉलेटसाठी माइनिंग करत असतं. लाईट तुमची, कमाई त्याची.

मशीन नको म्हणून "क्लाउड माइनिंग"? थांबा

घरात मशीन परवडत नाही म्हटलं की पुढचा माणूस हमखास म्हणतो, "मग आमच्याकडे द्या पैसे, मशीन आमच्या फार्मवर, कमाई तुमच्या खात्यात." याला क्लाउड माइनिंग म्हणतात. याचं सगळ्यात मोठं उदाहरण आपल्या शेजारचंच आहे.

गेनबिटकॉइन नावाची योजना अमित भारद्वाज याने २०१५ मध्ये सुरू केली. आश्वासन असं होतं: बिटकॉइन द्या, १८ महिने दर महिन्याला १० टक्के बिटकॉइनमध्येच परत मिळतील. देशभरातले हजारो लोक अडकले, त्यात महाराष्ट्रातलेही खूप. पुढे लोकांना बिटकॉइनऐवजी एमकॅप नावाचं त्यांचंच टोकन दिलं गेलं, ज्याला बाजारात फारशी किंमत नव्हती. २०१८ मध्ये पुणे पोलिसांनी भारद्वाजला अटक केली. जानेवारी २०२२ मध्ये त्याचा मृत्यू झाला. प्रकरण आता सीबीआयकडे आहे, फेब्रुवारी २०२५ मध्ये सीबीआयने देशभर ६० च्या वर ठिकाणी छापे टाकले. म्हणजे सुरुवात २०१५ ला आणि दहा वर्षांनंतरही तपासच चालू.

आता वरचं गणित आठवा. बिटकॉइनचं बक्षीस जुलै २०१६ मध्ये २५ वरून साडेबारा झालं. म्हणजे खरोखर माइनिंग करणाऱ्याची कमाई त्या दिवशी निम्म्यावर आली. आणि इथे मात्र दर महिन्याला तेच १० टक्के. ज्याला हे एवढं एक माहीत होतं त्याला कोणी सांगायची गरज नव्हती. मशीनची कमाई कधीच सरळ रेषेत नसते. जिथे परतावा सरळ रेषेत आहे, तिथे तो नवीन आलेल्या माणसाच्या पैशातून येत असण्याची शक्यता मोठी.

आणि हे फक्त क्रिप्टोचं नाही. जानेवारी २०२५ मध्ये टोरेसचं प्रकरण फुटलं, त्यांचं एक शोरूम कल्याणलाही होतं. तिथे खडे आणि दागिने होते, क्लाउड माइनिंग नव्हतं. पण दर आठवड्याला ठरलेला परतावा होताच. आपल्या पट्ट्यातल्या भाजीवाल्यांपासून दुकानदारांपर्यंत लोकांचे पैसे त्यात गेले. दर वेळी वस्तू बदलते, आश्वासन बदलत नाही.

मग वॉलेट का शिकायचं?

कारण उद्या तुमचं परदेशातलं गिऱ्हाईक, तुमचा मुलगा, तुमचा मेव्हणा, कोणीतरी हा विषय काढणारच. तेव्हा न समजता मान हलवण्यापेक्षा पाचशे-हजार रुपयांत शिकून घेतलेलं बरं. ही शिकण्याची फी समजा, गुंतवणूक नाही.

पहिली गोष्ट: वॉलेटमध्ये पैसे नसतात. पैसे त्या सार्वजनिक वहीत असतात. वॉलेटमध्ये असते चावी. दुकानाचा गल्ला तुमचा आहे असं कधी म्हणता? चावी तुमच्या कमरेला असते तेव्हा. इथेही तसंच.

दुसरी गोष्ट: दोन प्रकार ओळखा. एक्सचेंजच्या ॲपवर खातं उघडलं की चावी त्यांच्याकडे. सोयीचं आहे, केवायसी होतं, बँकेला जोडलेलं असतं. पण १८ जुलै २०२४ ला वझीरएक्स या भारतीय एक्सचेंजवर सायबर हल्ला झाला, साधारण २३ कोटी डॉलरचं क्रिप्टो चोरीला गेलं आणि ग्राहकांना स्वतःचं क्रिप्टो वर्षभराहून जास्त काळ काढता आलं नाही. दुसरा प्रकार, चावी तुमच्याकडे. मग जबाबदारीही पूर्ण तुमची. "पासवर्ड विसरलो" म्हणून फोन करायला तिथे कोणी नसतं.

तिसरी गोष्ट, प्रत्यक्ष कसं करायचं:

१. वॉलेटचं सॉफ्टवेअर फक्त त्याच्या मूळ वेबसाइटवरून घ्या. जाहिरातीतली, टेलिग्रामवर आलेली लिंक नको.

२. वॉलेट बनवताना १२ किंवा २४ इंग्रजी शब्द दिसतात. हीच चावी. पेनने कागदावर लिहा, क्रमाने. फोटो काढू नका, व्हॉट्सॲपवर स्वतःलाही पाठवू नका, ईमेलमध्ये ठेवू नका. माझ्या एका बॅचमधल्या मित्राने फोटो काढून ठेवला होता, पुढे फोन रिपेअरिंगला दिला. पुढचं सांगायला नको.

३. कागदाच्या दोन प्रती, दोन घरांत. जुलै २०१९ च्या पुरात बदलापूर पश्चिमेला तळमजल्याच्या घरांत काय झालं ते इथल्या माणसाला सांगायला नको. खालच्या कप्प्यातली कागदपत्रं पहिली जातात. एक प्रत उंचावर ठेवा, एक दुसऱ्या गावी.

४. आधी अगदी छोटी रक्कम पाठवून बघा. पत्त्याची सुरुवातीची आणि शेवटची अक्षरं जुळवा, नेटवर्क तेच आहे का बघा. चुकीच्या पत्त्यावर गेलेलं परत येत नाही.

५. मग वॉलेट मुद्दाम काढून टाका आणि कागदावरच्या शब्दांवरून पुन्हा उभं करा. हे जमलं तर तुम्ही शिकलात. ही पायरी जवळपास कोणीच करत नाही.

६. अनोळखी माणसाकडून थेट बँक ट्रान्सफर घेऊन क्रिप्टो विकू नका. त्याचे पैसे फसवणुकीतले निघाले तर तुमचं खातं गोठतं. दुकानाचं करंट अकाउंट गोठलं की काय होतं ते दुकानदाराला विचारा.

आणि कोणीही, अगदी कोणीही ते शब्द मागितले तर तो चोर समजा. फसवणूक झालीच तर लगेच १९३० वर फोन करा, जेवढा उशीर तेवढं नुकसान.

चावी किती महत्त्वाची, याचं अजून एक उदाहरण त्याच गेनबिटकॉइन प्रकरणातलं. तपासाला मदत म्हणून पोलिसांनी घेतलेल्या दोन तज्ज्ञांनाच मार्च २०२२ मध्ये पुणे पोलिसांनी अटक केली. आरोप असा की आरोपींच्या वॉलेटमधलं क्रिप्टो त्यांनी परस्पर स्वतःकडे वळवलं.

धंद्याला लावायचे चार प्रश्न

हे माइनिंगपुरतं नाही. कुठल्याही "घरबसल्या कमाई" ला हे चार प्रश्न विचारा.

एक, मालाचा भाव ठरवण्यात माझा काही हात आहे का? दोन, माझा मुख्य कच्चा माल मला दुसऱ्यांपेक्षा स्वस्त मिळतो का? तीन, गिऱ्हाईक मला ओळखून पुन्हा येईल का? चार, उद्या हे काम बंद पडलं तर मशीन दुसऱ्या कामाला लागेल का?

कॅम्प ५ मध्ये जीन्स शिवणाऱ्या माणसाला बघा. भाव त्याच्याही हातात पूर्ण नाही, पण व्यापारी त्याला नावाने ओळखतो, त्याच्या शिलाईसाठी परत येतो. जीन्सची ऑर्डर थांबली तर त्याच मशीनवर तो शाळेचे युनिफॉर्म शिवतो. एसिक मशीन एकच काम करतं. ते परवडेनासं झालं की उरतं फक्त गरम हवा फेकणारं भंगार. चारही प्रश्नांना घरच्या माइनिंगचं उत्तर "नाही" येतं. एखाद्या प्रश्नाला "नाही" आलं तर मी चर्चा करतो. चारही "नाही" असतील तर मी चहा पाजून घरी पाठवतो.

त्या मुलाचं काय झालं

मी त्याला म्हटलं, दोन दिवस थांब, घरचं लाईट बिल घेऊन ये. तो बिल घेऊन आला, सोबत वडीलही आले. आम्ही तिघांनी काउंटरवर बसून वर लिहिलेलं गणित कागदावर केलं. बिलाच्या मागचा सगळ्यात वरचा दर साडेनऊ रुपयांच्या बराच वर होता. वडील फारसं बोलले नाहीत. कागद घडी करून खिशात ठेवला, एवढंच.

मुलगा नाराज झाला. जाताना दारात थांबून म्हणाला, "सर, हे तुम्हाला माहीत होतं, तर मग तो व्हिडिओ अजून का ठेवलाय?"

खरं उत्तर असं आहे की तो व्हिडिओ चालत होता. माझ्या जुन्या व्हिडिओंत सगळ्यात जास्त बघितला जाणारा तोच होता. तो बघून लोक चॅनेलवर यायचे, काही जण पुढे कोर्स घ्यायचे. म्हणजे माइनिंगमधून कमाई झाली असेल तर ती मला झाली, आणि तीही व्हिडिओतून. त्याच्या समोर हे बोलायला मला जमलं नाही. इथे लिहितोय.

तो व्हिडिओ मी त्याच रात्री काढला. त्याच्या जागी हे गणित, लाईट बिलासकट, नवीन व्हिडिओत टाकलंय. त्या मुलाने पुढे काय करायचं ते अजून ठरवलेलं नाही, पैसे सध्या बँकेत एफडीत आहेत. मला तेवढं पुरे आहे.

तुमच्यापैकी कोणी माझा जुना व्हिडिओ बघून कार्ड किंवा मशीन घेतलं असेल, तर दुकानात या. विकायचं की दुसऱ्या कामाला लावायचं, ते आपण बसून बघू. ग्राफिक कार्ड असेल तर लग्नाचे व्हिडिओ एडिट करणाऱ्यांना ते लागतं, गिऱ्हाईक मिळू शकतं. यासाठी फी नाही.

आणि येताना लाईट बिल आणा.